मनीचं अंग गरम लागतंय?

घरात कुणी कुरकुरलं, ताटावरून अर्धपोटी उठलं, दिवेलागणीला अंथरुणात पडून राहिलं, की बाईचा हात आपोआप त्याच्या कपाळावर जातो. कणकेचा हात पदराला पुसायचा आणि हाताच्या मागच्या बाजूने ताप बघायचा, ही आपल्या आईची, आजीची पद्धत. हा हात सहसा चुकतही नाही. "अंग कोमट आहे, काही नाही," किंवा "चांगलाच ताप आहे, डॉक्टरकडे ने," एवढं तो बरोबर सांगतो.

पण हाच हात घरातल्या मांजराच्या बाबतीत मात्र दगा देतो. मनी सकाळपासून पलंगाखाली बसून आहे, दुधाकडे बघत नाही, म्हणून आपण तिच्या पोटाला हात लावतो आणि दचकतो. "अगं बाई, केवढं तापलंय अंग!" मग घरातल्या घरात इलाज सुरू होतात. कपाटातली तापाची गोळी निघते. "लहान जीव आहे, पाव गोळीच देऊ या," असं म्हणून ती चमच्यावर ठेचून दुधात कालवली जाते. यात प्रेम असतं, काळजी असते. पण मैत्रिणींनो, अशा पाव गोळीने धडधाकट मांजरंही दगावलेली आहेत. म्हणूनच मांजराचा ताप म्हणजे नेमकं काय आणि तो ओळखायचा कसा, हे घरात मांजर असलेल्या प्रत्येकीला ठाऊक असायला हवं.

आपला ताप, तिची तब्येत

आपलं नेहमीचं तापमान साधारण ९८.६ अंश फॅरनहाइट. मांजराचं १००.५ ते १०२.५ (सेल्सियसमध्ये ३८.१ ते ३९.२). म्हणजे जो आकडा आपल्या मुलाच्या थर्मामीटरवर दिसला तर आपण शाळेत चिठ्ठी पाठवू, तो मांजराच्या बाबतीत उत्तम तब्येतीचा आकडा आहे. आपला हात ९८.६ च्या अंगांवर शिकलेला, त्यामुळे निरोगी मांजरही त्याला गरमच लागणार. त्यातून पोट आणि काखा या जागी केस विरळ, तिथे तर ऊब जास्तच जाणवते.

मांजराला उबेची आवडही आपल्यापेक्षा जास्त. पूर्वी चुलीच्या राखेत मांजर झोपायचं, आता इन्व्हर्टरवर, फ्रिजच्या माथ्यावर नाहीतर नुकत्याच वाळलेल्या कपड्यांच्या ढिगात झोपतं. आजूबाजूला ३० ते ३८ अंश सेल्सियस तापमान असेल तर मांजराच्या शरीराला ऊब राखायला किंवा घालवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. आपण पंख्याखाली बसतो तेव्हा ती गच्चीवर उन्हात पाय ताणून पडलेली असते, ते याचमुळे. अशी उन्हातून उठून आलेली मनी हाताला कढत लागली तर त्यात आजार काहीच नाही.

आता नाकाची गोष्ट. "नाक ओलं आणि गार असलं की मांजर बरं, कोरडं आणि गरम असलं की आजारी," हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरं तर झोपून उठलेल्या, उन्हात बसलेल्या मांजराचं नाक कोरडं असतंच. उलट सर्दीने बेजार झालेल्या मांजराचं नाक सतत वाहतं, म्हणजे ओलंच असतं. कानांचंही तसंच. कान पातळ असतात, हवा गार झाली की गार पडतात, उन्हात तापतात. त्यामुळे नाक आणि कान यांवरून ताप ठरवू नये. ताप बघायला थर्मामीटरच हवा.

थर्मामीटर कसा लावायचा?

मांजराच्या तोंडात थर्मामीटर ठेवता येत नाही. काखेत ठेवला तर केसांमुळे आकडा कमी-जास्त येतो. करोनाच्या साथीत घरोघरी आलेली कपाळासमोर धरायची ती 'बंदूक' मांजराच्या केसांचं तापमान दाखवते, आतलं नाही. खरा आकडा मिळतो तो शौचाच्या जागेतून. ऐकायला अवघड वाटतं, पण लहान बाळाला सांभाळलेल्या बाईला हे काही जड नाही.

औषधाच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोक लवचीक असेल तर उत्तम. काचेचा अजिबात नको. मांजर उसळलं तर फुटेल. हा थर्मामीटर फक्त मनीचा. त्यावर नेलपॉलिशचा ठळक ठिपका द्या आणि घरच्यांच्या औषधांपासून वेगळा ठेवा.

मांजर धावून-खेळून किंवा उन्हातून आलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं शांत बसू द्या. मग घरातल्या दुसऱ्या कुणालातरी सोबत घ्या. जुन्या टॉवेलमध्ये मनीला सैलसर गुंडाळून एकीने छातीशी धरायचं, डोकं कोपराच्या घडीत. दुसरीने शेपूट हळूच वर करायची, थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावायचं आणि ते अर्धा-पाऊण इंच, त्याहून जास्त नाही, अलगद आत सरकवायचं. बीप वाजेपर्यंत धरून ठेवायचं. जोर लावायचा नाही. मांजर फिस्कारलं, पंजे काढले की सोडून द्यायचं. आकड्यासाठी झटापट करू नये, कारण घाबरलेल्या मांजराचं तापमान तसंही चढतं. झाल्यावर थर्मामीटर साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा आणि आपले हातही धुवा.

या गडबडीत मांजर चावलं, तर "घरचंच आहे" म्हणून सोडून देऊ नका. मांजराचे दात सुईसारखे; जखम छोटी दिसते पण खोल जाते आणि पिकते. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि आपल्या डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस लागेल का, ते त्यांना ठरवू द्या.

आकडा काय सांगतो?

आकडा १०२.५ च्या किंचित वर असेल तर आधी घाबरू नका. अर्ध्या तासाने, मांजर शांत असताना पुन्हा बघा. १०३ च्या वर टिकून असेल तर तो ताप. त्यासोबत खाणं बंद असेल, मांजर गळून गेलं असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. १०४ च्या वर गेला तर "उद्या सकाळी बघू" म्हणायचं नाही. आणि १०६ ला पोचला तर मेंदू, यकृत, मूत्रपिंड अशा आतल्या अवयवांना इजा होण्याची भीती असते.

ताप हा मुळात शत्रू नव्हे. शरीरात जंतू शिरले की मेंदूच तापमानाची खुंटी वर चढवतो, जेणेकरून जंतूंशी लढणं सोपं व्हावं. म्हणून ताप 'उतरवणं' हा इलाज नसतो, त्याचं कारण शोधणं हा इलाज. आपल्याकडच्या मांजरांमध्ये नेहमीचं कारण म्हणजे बोक्यांच्या मारामाऱ्या. रात्री कौलांवर जे रणकंदन चालतं, त्यात एकाचा दात दुसऱ्याच्या कातडीत घुसतो. वरची जखम दोन दिवसांत बुजते आणि आत पू साठतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोका ताप घेऊन कोपऱ्यात बसतो. अशा वेळी मान, पुढचे पाय, शेपटीचं मूळ यांवरून हलका हात फिरवला तर गरम, दुखरी गाठ लागते. नसबंदी केलेले बोके कमी भांडतात, म्हणून हा आजारही कमी होतो.

दुसरं कारण म्हणजे मांजरांची सर्दी. शिंका, डोळ्यांना चिपाडं, तोंडात फोड, ताप. आणि सगळ्यांत वाईट ती पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो. हा विशेषतः लस न दिलेल्या पिल्लांना गाठतो. चांगलं उड्या मारणारं पिल्लू एकाएकी मलूल होतं, ओकाऱ्या, जुलाब, १०४-१०५ ताप. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं, पण पाणी पीत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा आजारात दोन दिवसांनी अंग गार लागायला लागलं, की आपल्याला हायसं वाटतं. "उतरला बाई ताप!" पण पिल्लू उठून खात नसेल, पडूनच असेल आणि थर्मामीटर ९९ च्या खाली दाखवत असेल, तर तो उतरलेला ताप नसतो. शरीराने हात टेकल्याची ती खूण असते. बरं झालेलं मांजर खातं, अंग चाटतं, शेपूट उभी करून पायात घोटाळतं. अशी काहीही खूण नसताना अंग गार पडणं हे तापापेक्षाही जास्त काळजीचं आहे.

ती पाव गोळी

आता त्या गोळीबद्दल. आपल्याकडे ताप, अंगदुखी, डोकेदुखी म्हटलं की पॅरासिटामॉल. नाव कुठल्याही कंपनीचं असो, औषध तेच. माणसाचं यकृत या औषधाला एक साखरेसारखा घटक जोडतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात हे काम करणारी यंत्रणा अगदीच दुबळी. त्यामुळे औषध शरीरातच राहतं, त्याचं विषारी रूप तयार होतं आणि ते रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतं. मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही.

काही तासांतच हिरड्या गुलाबीच्या तपकिरी, निळसर दिसायला लागतात. चेहरा आणि पंजे सुजतात, लघवी गडद होते, श्वास जोरजोरात चालतो. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत मोठ्या मांजराचा जीव घेण्याची ताकद आहे आणि पाव गोळीनेही विषबाधा होऊ शकते. मुलांचं गोड गुलाबी सिरप म्हणजे सौम्य, असाही समज नको. त्यातही तेच औषध आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांचीही तीच कथा. कुत्र्याला दिलेलं औषध मांजराला चालेल, हेही चुकीचं.

घरातल्या कुणी अशी गोळी देऊन टाकली असेल, तर दोष देत बसू नका आणि लक्षणं दिसण्याची वाटही बघू नका. लगेच दवाखाना गाठा, गोळीचं पाकीट सोबत न्या आणि "इतकी दिली, इतक्या वाजता दिली" हे स्पष्ट सांगा. या विषावर उतारा आहे. माणसांच्या दवाखान्यातही तो वापरतात, त्याचं नाव ॲसिटिलसिस्टीन. जितका लवकर मिळेल तितका उपयोग जास्त. घरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायचा प्रयत्न मात्र करू नका, त्याने आणखी इजा होते.

घरगुती उपायांतही सांभाळून. लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या पेशींना बाधतात, त्यामुळे लसणीचा रस, काढा नको. सर्दीचा बाम छातीला चोळू नका. मांजर अंग चाटतं आणि त्यातला कापूर, पुदिन्याचा अर्क पोटात जातो. तापावर बर्फ किंवा स्पिरिटच्या घड्याही नकोत.

अंग थंड पडलं तर

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची गोष्ट वेगळी. पहिल्या आठवड्यात त्यांचं तापमान ९५ ते ९९ च्या दरम्यानच असतं आणि ऊब स्वतः राखता येत नाही. आईची कूस हीच त्यांची शेगडी. मोठ्या मांजराएवढं तापमान यायला साधारण महिना लागतो. पावसाळ्यात अंगणात, जिन्याखाली कुडकुडणारं पिल्लू सापडलं की आपण आधी दुधाची वाटी शोधतो. तसं करू नका. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, घशातून श्वासनलिकेत जाण्याचीही भीती. आधी ऊब द्या. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती जाड फडक्यात गुंडाळा आणि पिल्लाशेजारी ठेवा, मात्र त्याला सरकून दूर जायला जागा राहू द्या. तासाभरात हळूहळू अंग उबदार झालं, तोंडात बोट घातल्यावर चोखायला लागलं, की मग पाजायचं. तेही गाईचं दूध नको, मांजरांच्या पिल्लांसाठीचं तयार दूध पशुवैद्यकाला विचारून. चमच्याने, पाठीवर झोपवून पाजू नये. पिल्लू पालथं असावं.

अंग थोडं गार होण्याची एकच चांगली बातमी असते. गाभण मांजरी साधारण नऊ आठवड्यांनी विते. विण्याआधी बारा ते चोवीस तास बहुतेकींचं तापमान शंभराच्या खाली येतं. खोक्यात जुनी साडी घालून ठेवायची वेळ झाली, असं समजा.

बोक्याची लघवी तुंबली तर

थर्मामीटर लावण्याआधीच धावपळ करावी असा एक आजार बोक्यांमध्ये दिसतो. बोका राखेच्या किंवा वाळूच्या डब्यात पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागची जागा चाटत राहतो. घरातल्यांना वाटतं शौचाला खडा झालाय, आणि एरंडेल पाजलं जातं. खरं तर त्याची लघवी अडकलेली असते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद. बारीक खडे किंवा चिकट पदार्थ अडकून तो बंद होतो. शरीरातलं विष रक्तात साठतं, अंग गार पडायला लागतं आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. वेळेत नळी घालून लघवी मोकळी केली तर बोका वाचतो. म्हणून डब्यात ओली वाळू दिसतेय की नाही, हे रोज साफ करताना बघत जा. तो डबा साफ करायचं काम बहुतेक घरांत आपल्याच वाट्याला येतं, मग त्याचा एवढा तरी फायदा करून घेऊ या.

वैशाखातला धोका

ताप वेगळा आणि ऊन लागणं वेगळं. तापात मेंदू स्वतः तापमान वाढवतो. ऊन लागल्यावर शरीराला गार होताच येत नाही. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जो काही येतो तो पंजांच्या गाद्यांना. अंग चाटून, थुंकी वाळली की जो गारवा मिळतो, त्यावर ते भागवतं. विदर्भात, खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत, पोटमाळ्यावर किंवा चुकून कपाटात कोंडलं गेलेलं मांजर काही वेळातच धोक्यात येतं.

कुत्रं जीभ काढून धापा टाकतं ते नेहमीचंच. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर मात्र ती संकटाची खूण आहे. लाळ गळते, हिरड्या लालभडक होतात, चालताना तोल जातो. अशा मांजराला सावलीत, पंख्याखाली आणा. माठातल्या नव्हे, नळाच्या साध्या पाण्याने पंजे, पोट, कान ओले करा. बर्फाचं पाणी नको, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. पाणी पिऊ शकत असेल तर समोर ठेवा, तोंडात ओतू नका. आणि ओल्या अंगानेच दवाखान्यात न्या. शुद्धीवर दिसलं तरी आतल्या अवयवांना धक्का बसलेला असू शकतो.

चेहरा वाचायला शिकू या

मांजर दुखणं लपवतं. रानातल्या तिच्या पूर्वजांना आजारीपण दाखवणं परवडणारं नव्हतं. दुबळं दिसलं की कुणीतरी झडप घालणार. म्हणून आपली मनी विव्हळत नाही, फक्त गप्प होते. ती गप्प झाल्याचं कळतं ते घरात दिवसभर वावरणाऱ्या बाईलाच. "आज मासे निवडताना आली नाही," "खिडकीवर उडी मारताना थांबली," "अंग चाटत नाही, केस बसलेले नाहीत," या तुम्हाला किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी डॉक्टरांना मोलाच्या असतात.

कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक पद्धत प्रसिद्ध केली. पाच गोष्टी बघायच्या. कान: ताठ पुढे आहेत की बाजूला फिरून एकमेकांपासून लांब गेलेत? डोळे: उघडे आहेत की किलकिले? तोंडाचा भाग: गोलसर, सैल आहे की ताणलेला? मिशा: सैल वळलेल्या आहेत की सरळ ताठ? मान: खांद्याच्या वर आहे की खाली झुकलेली? प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. एकूण दहापैकी चार किंवा जास्त झाले, तर वेदनेवर उपचार हवेत असं समजतात. झोपलेल्या किंवा खात असलेल्या मांजराचे गुण मोजायचे नाहीत. जागं, शांत असताना दोन मिनिटं बघत बसा. दुपारच्या चहाबरोबर करण्यासारखं काम आहे.

श्वासही मोजता येतो. गाढ झोपेत छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. मिनिटाला साधारण पंधरा ते तीस असावेत. झोपेतही वारंवार तीसच्या वर जात असतील तर दाखवून घ्या. ओठ हळूच वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढऱ्या फटक, पिवळ्या किंवा निळसर असतील तर थांबू नका. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा वर आलेला दिसला, तर तीही आजाराची खूण.

आणि खाणं. "एक दिवस उपास घडला तर काय होतंय," हे माणसांना ठीक. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर शरीरातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृतच काम सोडतं. गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. म्हणून पूर्ण चोवीस तास काही खाल्लं नाही की डॉक्टरांशी बोलायचं, हा नियम ठेवा. नाक चोंदल्यामुळे वास येत नसेल तर उकडलेली कोंबडी किंवा मासा किंचित कोमट करून द्या, वासाने ती खाते. कोंबडी कच्ची मात्र देऊ नका. २०२४ च्या डिसेंबर अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. वाघाच्या मावशीलाही हा रोग होतो. शिजवलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही.

'गुरांचा दवाखाना' आपलाही

मोठ्या शहरात गल्लोगल्ली कुत्र्या-मांजरांचे दवाखाने निघालेत. आपल्या तालुक्याच्या गावात ते नसतात. पण पशुसंवर्धन खात्याचा पशुवैद्यकीय दवाखाना असतो. लोक त्याला गुरांचा दवाखाना म्हणतात, म्हणून पिशवीत मांजर घेऊन तिथे जायला बायका संकोचतात. संकोचू नका. तिथले डॉक्टर पशुवैद्यकाची पदवी घेतलेलेच असतात आणि त्यांच्या शिक्षणात मांजरही असतं. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा निःशुल्क फोन क्रमांकही आहे. "मांजराला कसला डॉक्टर?" असं घरात कुणी म्हणालंच, तर शांतपणे सांगा, आपल्या घरात उंदीर दिसत नाही तो कुणामुळे?

नेताना मांजर हातात धरू नका. रिक्षाच्या हॉर्नला बिचकून उडी मारेल. झाकणाची टोपली, किंवा भोकं पाडलेलं दोरीने बांधलेलं खोकं, आत जुना टॉवेल. डॉक्टरांना पाच गोष्टी सांगा: खाणं कधीपासून बंद, ओकारी-जुलाब किती वेळा, लघवी शेवटची कधी, थर्मामीटरवर आकडा काय आणि घरून कोणतं औषध दिलं. शेवटची गोष्ट लपवू नका, तिच्यावर बरंच अवलंबून असतं.

लसींचंही तेव्हाच विचारून घ्या. पार्व्हो आणि सर्दीच्या दोन विषाणूंवर मिळून एक लस असते. ती पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात. रेबीजची वेगळी, साधारण तीन महिन्यांनंतर. हा खर्च पुढच्या आजारपणापेक्षा नक्कीच कमी असतो.

ताबडतोब दवाखाना, या खुणा दिसल्या तर

• ताप १०४ च्या वर, किंवा तापमान ९९ च्या खाली (नवजात पिल्लं सोडून)
• तोंड उघडून धापा टाकणं
• हिरड्या पांढऱ्या, निळ्या, तपकिरी किंवा पिवळ्या होणं
• बोका कुंथतोय पण लघवी होत नाही
• माणसांची कोणतीही वेदनेची किंवा तापाची गोळी पोटात जाणं
• झटके येणं, तोल जाणं, शुद्ध हरपणं
• पिल्लाला वारंवार ओकाऱ्या आणि जुलाब

मैत्रिणींनो, एक छोटंसं काम आजच करून टाका. मनी बरी आहे, खातेय, खेळतेय, अशा एखाद्या निवांत दुपारी तिचं तापमान घ्या आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचे खाडे आणि गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहितो तिथेच, लिहून ठेवा. शेजारी तिचं वजन आणि पशुवैद्यकाचा फोन नंबर. म्हणजे उद्या ती पलंगाखाली जाऊन बसली, तर तिचा आजचा आकडा नेहमीच्या आकड्याशी ताडून बघता येईल आणि गोळीच्या कपाटाकडे जाण्याऐवजी तुम्ही सरळ फोन उचलाल.